निरोगी खांद्यावर लेझर मारून नेमकं काय शोधायचंय? फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर मार्गदर्शकांना खुले पत्र

महाराष्ट्रातील फिजिओथेरपी महाविद्यालयांतले पदव्युत्तर मार्गदर्शक आणि एथिक्स कमिट्यांचे सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, भरायचे दिवस आले की माझा फोन वाजू लागतो. पूर्वी सुट्टीत माझ्याकडे काम बघायला येणारी मुलं-मुली आता एमपीटीला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, असतात आणि दरवर्षी थोड्याफार फरकाने तेच विचारतात: "मॅडम, विषय सुचवा ना. गाईड म्हणतायत नॉर्मल सब्जेक्ट्सवर घे, पेशंट जमवत बसू नकोस." मग विभागात जे मशीन मोकळं असेल ते आणि कपाटात जे मोजायचं साधन असेल ते, यांची जोडी लावली जाते. अलीकडे ही जोडी बऱ्याचदा लेझर आणि अल्गोमीटरची, म्हणजे दाब देऊन वेदना मोजणाऱ्या साधनाची, असते. 'लो लेव्हल लेझर थेरपीचा निरोगी व्यक्तींच्या वेदना-संवेदनशीलतेवर होणारा परिणाम.' तीस विद्यार्थी, दोन गट, मानेलगतचा ट्रॅपेझियस स्नायू. आधी मोजा, लेझर द्या, नंतर मोजा. आठवडाभरात डेटा तयार.

हा विषय टाकाऊ आहे असं मला म्हणायचं नाही. उलट तो इतका चांगला आहे की त्याची अशी वासलात लागलेली बघवत नाही. निरोगी माणसांवर नीट प्रयोग केला तर लेझरबद्दलचा एक जुना वाद सुटायला मदत होईल. फक्त तो वाद 'लेझरने दुखणं थांबतं का' हा नव्हे. आपण निरोगी माणसाला पेशंटचा प्रश्न विचारतो, उत्तर घाईत मोजतो आणि आलेला आकडा पुन्हा पेशंटला विकतो.

विकतो हा शब्द रागाने वापरलेला नाही. खासगी दवाखान्यात बसणाऱ्या आम्हा लोकांकडे मशीनवाले येतात तेव्हा त्यांच्या फाईलमध्ये लॅमिनेट केलेलं एक पान असतं: 'निरोगी व्यक्तींमध्येही पेन थ्रेशोल्ड वाढल्याचे सिद्ध.' (पेन थ्रेशोल्ड म्हणजे दुखू लागण्याची पातळी.) वाक्यातल्या त्या 'ही'वर सगळा धंदा चालतो. ज्याला दुखत नाही त्याला जर इतका फायदा, तर ज्याला दुखतंय त्याला किती, असं ऐकणाऱ्याने मनात म्हणावं अशी अपेक्षा. मग तेच वाक्य मान धरून आलेल्या शिक्षिकेला सांगितलं जातं आणि दहा सिटिंगचं पॅकेज ठरतं. आपल्याकडच्या पेशंटला तशीही 'लाईट' लावल्याशिवाय उपचार झाल्यासारखं वाटत नाही. व्यायाम सांगितला तर चेहरा पडतो, मशीन लावलं की खुलतो. त्यात वर संशोधनाचा शिक्का.

तेव्हा या संशोधनाकडे एकदा बारकाईने बघू.

लेझरची गोष्टच एका फसलेल्या प्रयोगातून सुरू झाली हे आपण पहिल्या वर्षाला शिकवतो. थिओडोर मेमनने १९६० मध्ये पहिला लेझर चालवून दाखवला. पुढे सात वर्षांत बुडापेस्टच्या एंड्रे मेस्टर यांनी रुबी लेझरने प्राण्यांमधल्या गाठी जाळता येतात का हे तपासायला घेतलं. बॉस्टनमध्ये तसं झाल्याचं त्यांच्या वाचनात होतं. मेस्टर यांचा लेझर फारच कमजोर निघाला. गाठींवर काही परिणाम झाला नाही, पण उंदरांचे भादरलेले केस लेझर दिलेल्या बाजूला लवकर उगवले. कमी ताकदीचा प्रकाश पेशींना जाळत नाही पण काहीतरी करतो, हा विचार तिथून आला. पुढे पेशीतल्या मायटोकाँड्रियाचं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे एन्झाइम हा प्रकाश शोषतं, अशी मांडणी झाली. आज तीच सर्वाधिक मान्य आहे. साधारण ६०० ते ११०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला प्रकाश त्यासाठी वापरतात.

इथपर्यंत फार वाद नाही. वाद वेदनेपाशी सुरू होतो, आणि निरोगी माणसांवरच्या प्रयोगांत तो सगळ्यात स्पष्ट दिसतो.

१९८५ मध्ये एका अमेरिकी गटाने मनगटाजवळच्या वरवरच्या रेडियल नसेवर इन्फ्रारेड लेझर दिला आणि नसेच्या वहनावर, म्हणजे संदेश वाहून नेण्यावर, काहीच परिणाम दिसला नाही असं लिहिलं. त्याच नियतकालिकात १९८८ मध्ये दुसऱ्या गटाने त्याच नसेवर हीलियम-निऑनचा लाल लेझर दिला, तर वहन मंदावलं. १९९० मध्ये कानाच्या बिंदूंवर लेझर देऊन निरोगी लोकांचा पेन थ्रेशोल्ड वाढल्याची नोंद झाली. त्याच वर्षी ब्रॉकहाउस आणि एल्गर या जर्मन संशोधकांनी ॲक्युपंक्चरची सुई आणि लेझर यांची तुलना केली. उष्णतेच्या वेदनेचा थ्रेशोल्ड सुईने वाढला, लेझरने नाही. उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टर विद्यापीठात बॅक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कामं बरीच वर्षं चिकाटीने केली. त्यांनीच १९९४ मध्ये ८३० नॅनोमीटरच्या लेझरने हाताच्या मीडियन नसेतलं वहन मंदावल्याचं मांडलं. त्यांच्याच गटाने १९९७ मध्ये तोच ८३० नॅनोमीटरचा लेझर मानेच्या मुळाशी अर्ब्ज पॉइंटवर देऊन, दंडाला पट्टा आवळून रक्तपुरवठा रोखल्यावर होणारी वेदना मोजली. फरक नाही, असं त्यांनी लेखाच्या शीर्षकातच लिहून टाकलं. आपल्याकडे शीर्षकात अपयश लिहायची हिंमत किती जणांत आहे?

हे वाचून लेझर थोतांड आहे असंही म्हणता येतं आणि कधी चालतो कधी नाही असंही. दोन्ही घाईची उत्तरं आहेत. या प्रयोगांत लेझरचा रंग वेगळा, ताकद वेगळी, जागा वेगळी, आणि ज्या वेदनेवर मोजमाप झालं तिचीही जात वेगळी. दाबाची वेदना, उष्णतेची वेदना आणि रक्त अडवून निर्माण केलेली वेदना या एकच नाहीत. त्यात नसेच्या वहनाचं मोजमाप तापमानावर भलतंच अवलंबून असतं: त्वचा एक अंशाने गार झाली की वेग सेकंदाला सुमारे दोन मीटरने घटतो. एसी खोलीत शर्टाची बाही वर करून अर्धा तास बसलेल्या माणसाची नस लेझर न देताही मंदावेल. त्यामुळे त्वचेचं तापमान सांभाळलं होतं की नाही, हा अशा प्रत्येक निष्कर्षाआधीचा प्रश्न.

आता मूळ मुद्दा. निरोगी माणसात लेझरचा परिणाम दिसावा अशी अपेक्षा आपण कशाच्या आधारावर धरतो?

लेझर वेदना कमी करतो याची दोन मुख्य स्पष्टीकरणं आहेत. पहिलं दाहाचं. २००६ मध्ये नॉर्वेतल्या ब्योर्डाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाचेवरच्या अकिलीस टेंडनला सूज असलेल्या मोजक्या पेशंटवर प्रयोग केला. टेंडनजवळ बारीक नळी घालून त्यांनी प्रोस्टाग्लँडिन ई-टू हे दाहातलं रसायन मोजलं, आणि लेझरनंतर ते घटल्याचं दाखवलं. हे खरं धरलं तर लेझर दाहामुळे हळव्या झालेल्या नसांना शांत करतो. पण निरोगी ट्रॅपेझियसमध्ये शांत करायला आहे काय? दाह नाही, वाढलेलं प्रोस्टाग्लँडिन नाही, हळव्या झालेल्या नसा नाहीत. औषधशास्त्राला ही गोष्ट केव्हाच कळली होती. रँडल आणि सेलिटो यांनी १९५७ मध्ये उंदराच्या पंजावर दाब देऊन वेदनाशामक तपासायची पद्धत आणली. तीत पंजा आधी मुद्दाम सुजवला जातो, कारण ॲस्पिरिनसारखी औषधं सुजलेल्या पंजाचा थ्रेशोल्ड वाढवतात, निरोगी पंजाचा नाही. ॲस्पिरिनची परीक्षा निरोगी पंजावर घेतली असती तर ती नापास झाली असती. तेव्हा निरोगी माणसात लेझरचा परिणाम दिसला नाही म्हणून तो गुडघ्याच्या पेशंटवर चालणार नाही, असं मुळीच ठरत नाही.

दुसरं स्पष्टीकरण नसेचं. रोबर्टा चाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदरांच्या संवेदी चेतापेशींवर ८३० नॅनोमीटरचा लेझर दिला. पेशीच्या लांब तंतूतून मायटोकाँड्रियाची जी जलद ने-आण चालते ती खोळंबली, मायटोकाँड्रियाचा विद्युतभार घटला, आणि हा परिणाम तात्पुरता होता. वेदना वाहून नेणारे तंतू याच लहान आणि मध्यम आकाराच्या पेशींचे असतात. म्हणजे लेझर काही काळापुरती नस बधिर करतो, असं हे म्हणणं. हे खरं असेल तर मात्र परिणाम निरोगी माणसातही दिसला पाहिजे, कारण नस निरोगी असो वा आजारी, बधिर ती होणारच.

इथे निरोगी माणसावरचा प्रयोग एकदम कामाचा ठरतो. दाह नसलेल्या शरीरात, नसेच्या मार्गावर पुरेसा लेझर देऊनही थ्रेशोल्ड हलला नाही, तर नसेच्या स्पष्टीकरणाला माणसात आधार मिळत नाही. हलला, आणि तो अपेक्षित वेळात हलून पुन्हा जागेवर आला, तर त्याला बळ मिळतं. एमपीटीच्या विद्यार्थ्याला यापेक्षा स्वच्छ प्रश्न कुठे मिळणार? पण मग लेझर स्नायूच्या फुगीर भागावर कुठेतरी न देता नसेवर द्यायला हवा, लगेच, अर्ध्या तासाने आणि दुसऱ्या दिवशीही मोजायला हवं, दाबासोबत उष्णतेची वेदनाही तपासायला हवी. बाजारात सोपं मिळतं म्हणून नुसतं अल्गोमीटर घेऊन बसायचं, तर प्रश्नाचा अर्धा भाग हातून जातो.

अल्गोमीटरबद्दल थोडं सांगते, कारण इथे मला सगळ्यात जास्त राग येतो. साधन साधंच आहे: एक चौरस सेंटिमीटरचं रबरी टोक, वर दाबाचा काटा. सेकंदाला साधारण एक किलो या गतीने दाब वाढवत न्यायचा आणि दाबाची जाणीव दुखण्यात बदलली की समोरच्याने 'हां' म्हणायचं. तो आकडा म्हणजे प्रेशर पेन थ्रेशोल्ड. दुखणं किती सहन होतं ही टॉलरन्सची गोष्ट वेगळी. प्रबंधांत हे दोन्ही शब्द बिनदिक्कत अदलाबदल करून वापरलेले दिसतात. दाब भराभर वाढवला की आकडा फुगतो, हळूहळू वाढवला की घटतो. हात ज्या मुलीचा, तिला कोणत्या गटात लेझर चालू होता हे ठाऊक असेल तर तिचा हात नकळत तसा वागतो. यात लबाडी कुठेच नाही, माणसाचा हात असाच असतो. म्हणून मोजणारीला गट माहीत असता कामा नये. पण आपल्याकडे लेझर तीच देते, मोजते तीच, आकडे लिहिते तीच, आणि आकडेवारीची कसोटी असलेली पी-व्हॅल्यूही तीच काढते.

आता डोस. इथे तर परीक्षकांनाही फसलेलं मी पाहिलं आहे. सिनॉप्सिसमध्ये लिहिलेलं असतं 'चार जूल प्रति चौरस सेंटिमीटर'. वाचायला भरभक्कम. प्रोबच्या, म्हणजे लेझर सोडणाऱ्या दांड्याच्या, तोंडाचं क्षेत्रफळ शून्य पूर्णांक एक चौरस सेंटिमीटर असेल तर प्रत्यक्ष ऊर्जा गेली ०.४ जूल. २०० मिलिवॅटच्या प्रोबला त्यासाठी दोन सेकंद लागतात. वर्ल्ड असोसिएशन फॉर लेझर थेरपीच्या तक्त्यात ७८० ते ८६० नॅनोमीटरसाठी बहुतेक ठिकाणी प्रत्येक बिंदूला किमान चार जूल सांगितले आहेत, म्हणजे त्याच प्रोबला वीस सेकंद. म्हणजे आपण दहावा हिस्सा दिला आणि 'लेझरचा परिणाम नाही' असा निष्कर्ष काढून पदवी घेतली. याच्या उलटही होतं. जास्त दिलं की जास्त फायदा असं लेझरचं नाही. एका मर्यादेपलीकडे परिणाम घटतो किंवा उलटतो, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसलं आहे. शिवाय लेझर तयार करणारा डायोड जुना झाला की उजेड कमी होतो. मशीनच्या पडद्यावरचा आकडा मात्र तोच राहतो. पॉवर मीटरने तपासून आकडा लिहिलेला प्रबंध माझ्या हातात क्वचितच आला आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर आपण महाराष्ट्रात बसून काम करायला हवं आणि जी कुणीच हातात घेत नाही: आपली त्वचा. डोसचे बहुतेक तक्ते आपल्या त्वचेवर तयार झालेले नाहीत. २०११ मध्ये नॉर्वेच्या बर्गेनमधल्या गटाने निरोगी लोकांच्या त्वचेवर ८१० आणि ९०४ नॅनोमीटरचे लेझर देऊन तापमान मोजलं. ८१० नॅनोमीटरने गडद त्वचा उजळ त्वचेपेक्षा कितीतरी जास्त तापली, ९०४ च्या स्पंदित लेझरने जवळजवळ तापली नाही. कारण सरळ आहे: त्वचेतलं रंगद्रव्य मेलॅनिन प्रकाश शोषतं. म्हणजे सावळ्या खांद्यावर तोच डोस वरच्या थरात अडकतो, खाली कमी पोहोचतो, आणि वर ऊब जाणवते. ही ऊब जाणवली की ब्लाइंडिंग, म्हणजे कुणाला खरा लेझर मिळाला हे लपवणं, संपलं. ज्याला ऊब लागली त्याला कळलं की आपण खऱ्या गटात आहोत, आणि 'हां' म्हणायला तो थोडा उशीर लावणार. ५०० मिलिवॅटच्या वरचे, चौथ्या वर्गातले लेझर तर त्वचा उघडपणे गरम करतात. त्यांच्यावर 'शॅम', म्हणजे खोट्या लेझरशी तुलनेचा, प्रयोग करणं म्हणजे ब्लाइंडिंगचं नुसतं नाटक. त्यात वेदनेचा उष्णता-थ्रेशोल्ड ४५ अंशांच्या आसपास असतो. आधीच दोन-तीन अंशांनी तापवलेल्या त्वचेवर तो मोजून तुम्ही काय मोजलंत, हे सांगणं कठीण.

गंमत अशी की वेदनेवरच्या सगळ्या शारीरिक उपचारांत ब्लाइंडिंग सर्वात सोपं लेझरचंच. टेन्स या विजेच्या उपचाराचा करंट झिणझिणतो, तसलाच आयएफटीही जाणवतो, शेक तर जाणवतोच. इन्फ्रारेड लेझर दिसत नाही, आवाज करत नाही, कमी ताकदीचा असेल तर जाणवतही नाही. चष्मा दोघांनाही घालावाच लागतो. दोन प्रोब घ्या, एक चालू आणि एक आतून बंद केलेला. कोणता कोणता हे तिसऱ्या माणसाच्या कपाटात ठेवा. शेवटी प्रत्येकाला विचारा, तुला कोणता मिळाला असं वाटतं. निम्म्यांनी चुकीचं सांगितलं तर तुमचा आकडा विश्वासाचा. इतकी सोय असताना 'सिंगल ब्लाइंड' असं लिहून भागवण्याचं कारण मला समजत नाही.

आता निरोगी माणसं कोण, याकडे एथिक्स कमिटीच्या सभासदांनी लक्ष द्यावं. बहुतेक वेळा ती कॉलेजचीच मुलं असतात. सीनियर ताईने बोलावलं, समोर विभागप्रमुख, आणि फॉर्मवर 'स्वेच्छेने' असं छापलेलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी विद्यार्थी आणि हाताखालचे कर्मचारी यांना असुरक्षित गटात धरलं आहे ते उगाच नाही. इंटर्नल मार्क ज्यांच्या हातात त्यांना नाही म्हणायचं कसं? शिवाय शास्त्राच्या दृष्टीनेही ही माणसं नालायक ठरतात. त्यांना इलेक्ट्रोथेरपीच्या तासाला लेझर वेदना कमी करतो असं शिकवलेलं असतं. अपेक्षेने वेदना कमी होते हे आज प्रयोगांनी पक्कं झालं आहे, आणि आपण अपेक्षा भरलेल्या डोक्यांवरच अपेक्षेविना होणारा परिणाम शोधतो. नागरिकशास्त्राचे, वाणिज्याचे, आयटीआयचे विद्यार्थी गावात आहेत. बँकेतले लोक आहेत, रिक्षावाले आहेत. त्यांना वेळेचा मोबदला द्या, पण बोलवा.

आकडेवारीबद्दल थोडक्यात. लेझर गटात आधी-नंतर फरक 'सिग्निफिकंट' आला, शॅम गटात नाही आला, म्हणून लेझर चालतो, हे वाक्य प्रत्येक दुसऱ्या पोस्टरवर असतं आणि ते चूक आहे. दोन गटांतल्या फरकाची थेट तुलना केल्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही. दुसरं, चार जागी, तीन वेळा, दोन पद्धतींनी मोजून त्यातला जो एक आकडा चमकला तो सारांशात टाकायचा, हे बंद व्हायला हवं. ज्याचा काहीही परिणाम नाही अशा गोष्टीवर वीस स्वतंत्र चाचण्या केल्या तर निदान एक तरी योगायोगानेच पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे 'सिग्निफिकंट', येण्याची शक्यता ६४ टक्के असते. मुख्य मोजमाप कोणतं हे आधीच ठरवून सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदवलं असेल तर ही पळवाट उरत नाही. १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआय पहिला सहभागी घेण्यापूर्वीचीच नोंदणी स्वीकारते. विद्यार्थ्याने नोंदणी क्रमांक आणला की कागद पुढे सरकतो. त्या नोंदीतलं मुख्य मोजमाप आणि प्रबंधातलं मुख्य मोजमाप एकच आहे का, एवढं परीक्षकाने शेजारी शेजारी ठेवून बघावं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, या बाईंना लेझरचं वावडं आहे. नाही. माझ्या दवाखान्यात लेझर आहे आणि तो चालतो. मानेच्या दुखण्यावर २००९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या आढाव्यात १६ चाचण्या आणि ८२० पेशंट होते. तीव्र दुखण्यात लगेच आणि जुन्या दुखण्यात काही आठवडे फायदा दिसला. गुडघ्याच्या झिजेवर २०१९ च्या आढाव्यात २२ चाचण्या होत्या, आणि ज्यांत वर सांगितलेल्या तक्त्याप्रमाणे डोस होता त्यांतच खरा फायदा दिसला. कंबरदुखीवर पुरावा अजून हलकाच आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये लेझरचं नाव घेतलं, पण पुरावा कमी दर्जाचा असल्याचं तिथेच नमूद केलं. हे सगळे पेशंटवरचे अभ्यास आहेत. मानदुखीच्या पेशंटला लेझर द्यायचा की नाही हे यांच्यावरून ठरतं, निरोगी विद्यार्थ्याच्या खांद्यावरून नाही.

आणि लेझरची सर्वात भक्कम जागा कुठे आहे? तोंडात. डोक्या-मानेच्या कॅन्सरला रेडिएशन आणि केमो एकत्र दिलं की तोंड आतून सोलवटतं. पाणी गिळणं नकोसं होतं, कधी उपचारच थांबवावे लागतात. हे टाळण्यासाठी प्रकाशोपचार द्यावा अशी शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे, ब्रिटनच्या नाइस संस्थेनेही २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. या विषयावरची एक चांगली, तिहेरी ब्लाइंड चाचणी परदेशात नव्हे, मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजात झाली, आणि ती फिजिओथेरपीच्या लोकांनी केली. २०१२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तंबाखू-मावा-गुटख्याच्या आपल्या राज्यात असे पेशंट कमी आहेत का? कॅन्सर विभागाला जोडलेल्या कॉलेजात लेझरचं मशीन इलेक्ट्रोथेरपीच्या खोलीत विद्यार्थ्यांच्या खांद्यांवर फिरतं आणि दोन मजले वर कुणी घोटभर पाण्यासाठी तळमळतो. पेशंट जमवायला वेळ लागतो हे मला कळतं. एमपीटीची मुदत ठरलेली असते. पण वेळ लागतो म्हणून वेगळाच प्रश्न सोडवायचा हे उत्तर नव्हे.

माझी विनंती अशी आहे. निरोगी माणसांवरचे हे सुटे, तीस-तीसांचे प्रबंध काही काळ थांबवा. चार-पाच महाविद्यालयांनी मिळून एकच आराखडा करा. नसेवर मोजून दिलेला डोस, पॉवर मीटरची नोंद, ८१० आणि ९०४ अशी दोन्ही तरंगलांबी, त्वचेचा रंग आणि तापमान टिपलेलं, आतून बंद प्रोब, लेझर देणारा वेगळा आणि मोजणारा वेगळा, मुख्य मोजमाप आधी जाहीर. प्रत्येक विद्यार्थ्याने त्यातला एक भाग घ्यावा आणि त्यावर आपला प्रबंध लिहावा. एका विद्यार्थ्याचा प्रबंध स्वतंत्र हवा, हा नियम आड येतो असं काहीजण सांगतील. एकच माहितीसंच असला तरी त्याला विचारायचे प्रश्न वेगवेगळे असू शकतात. सावळ्या त्वचेवरच्या लेझरची ऊब हा एकटाच एका प्रबंधाचा ऐवज आहे, आणि तो आपल्याइतक्या सहज कुणाला करता येणार नाही. मशीन कंपनीने उसनं दिलं असेल तर ते पहिल्या पानावर लिहा. आणि उत्तर 'फरक नाही' असं आलं तर विद्यार्थ्याला पुन्हा डेटा घ्यायला पाठवू नका, तोच छापा.

एथिक्स कमिट्यांना वेगळी विनंती. स्वतःच्याच कॉलेजचे विद्यार्थी सहभागी असतील तर तो आराखडा बिनशर्त मंजूर करू नका. भरती कोण करणार आणि नाही म्हणणाऱ्याचं नाव गाईडपर्यंत पोहोचणार नाही याची सोय काय, हे लेखी मागा. हे मागायला नवा कायदा लागत नाही.

खासगी प्रॅक्टिसवाल्यांकडून मदत हवी असेल तर आम्ही काहीजण तयार आहोत. दुपारी दोन ते चार आमच्या खोल्या रिकाम्या असतात, पॉवर मीटर वर्गणी काढून घेता येईल, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांत न दुखणारे नातेवाईक भरपूर असतात. खांदा कमी पडला तर माझा घ्या. मी पन्नाशी ओलांडलेली आहे, तुमच्या तक्त्यात विशीबाहेरचं निदान एक वय तरी येईल. फक्त प्रोब कोणता चालू आहे ते मला सांगू नका.

आपली नम्र,
सातारा जिल्ह्यात प्रॅक्टिस करणारी एक फिजिओथेरपिस्ट